तिसऱ्या पाइपचा रंग

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये मुतलक या गिऱ्हाइकाच्या गाडीचं इंजिन गेलं, आणि दुपारी एकला भावाचा मला फोन आला, "ताई, ये आणि एका कागदावर सही कर."

मी हुस्सा. सव्वीस वर्षं मी तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. फुटलेला पाइप का फुटला हे सांगणं हे माझं काम, आणि ते मला फार चांगलं येत होतं. उगाच विनय कशाला करू? निवृत्त झाले तरी कुवेतमध्ये धातूच्या बाबतीत माझ्या सहीला अजून वजन आहे. म्हणून जर्राहला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, ती हवी होती.

शुवैखला, गॅरेजांच्या त्या वस्तीत, पोचले तेव्हा हवेत धूळ होती. जर्राहचं काम नेहमीच्या दुरुस्तीचं नाही. तो शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं घेतो, त्यांची कारखान्यातून आलेली हवेची आणि धुराची वाट काढून टाकतो, आणि त्या जागी हातानं बनवलेली नवी बसवतो. मुतलकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर एका बाजूला हवा घ्यायला सहा कर्णे होते आणि दुसऱ्या बाजूला धूर सोडायला सहा लांब पाइप, पुढे एकात एक मिळणारे. एवढ्या बदलानं तीनशे तीस घोड्यांची ताकद चारशे बारावर गेली होती. मंगळवारी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, साऱ्यांनी तो आकडा पाहिला होता. शनिवारी शर्यत होती.

गुरुवारी मुतलक सात पाहुणे घेऊन तोच आकडा दाखवायला आला. अकराव्या मिनिटाला इंजिनातून खडखडाट झाला, धूर निघाला आणि सगळं थांबलं. उघडून पाहिलं तर तिसऱ्या पिस्टनला भोक पडलेलं. आणि तिसऱ्या पाइपच्या वळणात भांडी घासायची स्टीलची घासणी अडकलेली, निम्मी वितळलेली.

जर्राहनं ती घासणी माझ्यासमोर आपटली. म्हणाला, "ही निदालची. सोमवारी पाइप त्यानं बसवले. बसवायच्या आधी इंजिनाचं तोंड तो असल्याच घासणीनं साफ करतो. आत राहिली. मंगळवारी कशीबशी तग धरली, आज खाली सरकून वाट अडवली, गरम धूर आतच कोंडला आणि पिस्टन जळाला. तू फक्त एवढंच लिही, मी मुतलकला दाखवतो आणि संध्याकाळी निदालचा इकामा रद्द करतो."

निदाल कोपऱ्यात रिकाम्या टायरवर बसला होता. सीरियातल्या हलबचा माणूस, अकरा वर्षं इथं फिटर. इकामा म्हणजे त्याचा इथं राहायचा परवाना, आणि तो जर्राहच्या नावावर होता. चारच महिन्यांपूर्वी त्यानं बायको आणि दोन मुलींना आणलं होतं. मुली शाळेत जायला लागल्या होत्या. इकामा गेला की चौघांनाही बोचकी बांधावी लागणार, आणि परत जायला त्यांचं घर उभं नव्हतं. मला इथं सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. तो एवढंच म्हणाला, "खाला, मी घासण्या मोजून घेतो आणि मोजून ठेवतो."

मला तो माणूस आवडतो. पण आवडतो म्हणून मी कधी कुणाला सोडवलेलं नाही. मी चष्मा लावला आणि जर्राहला सांगितलं की न बघता मी बापाच्या मृत्युपत्रावरही सही केली नव्हती.

२

सहा पाइप टेबलावर ठेवले होते, जोडलेलेच, माणसाच्या हातासारखे लांब. मी सगळ्यांना दूर उभं केलं.

स्टील तापलं की रंग धरतं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. रंग एकदा चढला की आपोआप उतरत नाही. फक्त आणखी चढतो. माझ्या नोकरीत मी या रंगांवरून कुठला पाइप किती तापला ते सांगायचे, आणि साहेब लोक आधी हसायचे, मग माझी टिपणं जपून ठेवायचे.

सहाही पाइप निळे होते. तिसराही. इंजिनाच्या तोंडापासून शेवटपर्यंत, घासणी जिथे अडकली होती त्याच्या पुढेही, भावंडांइतकाच निळा.

मी जर्राहला जवळ बोलावलं आणि बोट दाखवलं. घासणी सोमवारपासून आत असती तर तिच्या पुढचा पाइप मंगळवारी इतका तापलाच नसता. गरम धूर पुरेसा पोचलाच नसता ना. तो फिका राहिला असता. म्हणजे मंगळवारी दोन तास इंजिन पळालं तेव्हा तिसऱ्या पाइपची वाट साफ मोकळी होती.

जर्राह म्हणाला, "मग घासणी आली कुठून, आकाशातून पडली?"

"मंगळवारनंतर कुणीतरी पाइप उतरवले, घासणी आत गेली, आणि पाइप परत चढवले."

हे ऐकून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. उलट तो आणखी पेटला. म्हणाला, मग ती चूक नव्हे, घातपात आहे, आणि पाइप उतरवणं-चढवणं निदालशिवाय कोण करतं इथं? शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं निदालला गेल्याच महिन्यात बोलावलं होतं, हे काय मला ठाऊक नाही? आता फक्त इकामा रद्द करून भागणार नाही, पोलिसात देतो.

निदालनं मान वर केली आणि परत खाली घातली. मी त्याची बाजू घ्यायला निघाले होते आणि त्याला आणखी खोल ढकलून बसले. मनातून मी स्वतःला चार शिव्या दिल्या.

३

गॅरेजच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. जर्राह, निदाल, वेल्डिंगवाले उस्ता, म्हणजे उस्ताद, सबरी, आणि फवाज. बुधवारी सकाळभर गॅरेज भरलेलं होतं आणि संध्याकाळी मुतलकची माणसं गाडी पुसत होती. रात्री दाराशी पहारेकरी असतो. मोकळा वेळ एकच, दुपारी बारा ते चार, जेव्हा उन्हामुळे गॅरेज बंद असतं. जर्राह तेव्हा माझ्याच घरी मी केलेला मचबूस, मटण घातलेला भात, हाणत होता, हे मी स्वतः पाहिलेलं.

आधी उस्ता सबरींकडे गेले. इजिप्तमधल्या दमिएताचे, साठीचे, एकतीस वर्षं हेच काम. त्यांचा जोड अख्ख्या शुवैखमध्ये ओळखू येतो, आणि तो कधी तडकला नाही हे ते स्वतःच ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगतात. ते आपल्या टेबलाशी दुसऱ्याच कुणाच्या पाइपवर काम करत होते. एका तोंडात घासणी खुपसलेली, तिच्यातून गॅसची बारीक नळी आत गेलेली. पाइप आतून गॅसनं भरला की जोड आतूनही गुळगुळीत येतो, असं त्यांनी मला मागेच समजावलं होतं, मी विचारलं नसताना. मी बुधवारचं विचारलं. म्हणाले, घरी होतो, झोपलो होतो. निदालबद्दल विचारलं.

"चांगला मुलगा आहे, खाला. हात मात्र घाणेरडे. माझ्या नव्या पाइपला उघड्या हातानं धरतो. तेलकट बोट लागलं आणि पाइप तापला की ठसा भाजून निघतो, जन्मभर जात नाही. मी पाइप बनवतो आणि तो त्यावर अंगठे करतो."

हे भांडण गॅरेजात सगळ्यांना पाठ होतं. सोमवारीही पाइप चढवताना उस्ता निदालच्या डोक्यावर उभे होते, त्याला हातमोजे घालायला लावले, आणि शेवटी स्वतः स्पिरिटच्या फडक्यानं सगळं तीनदा पुसलं. उस्ता पुढे काहीतरी म्हणणार होते. पण ते थांबले आणि त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला.

निदालनं सांगितलं की बुधवारी दुपारी तो घरी होता. साक्षीदार बायको. जर्राह मागून म्हणाला की बायको दुसरं काय सांगणार.

राहिला फवाज. संगणक लावून इंजिनाची हवा आणि पेट्रोल जुळवणारा, आमच्याच दूरच्या नात्यातला, केसांना इतकं तेल की त्यात एखादं इंजिन चालावं. तो आधी म्हणाला बुधवारी आलोच नव्हतो. मी त्याच्या आईची चौकशी केली, आणि ती मला रोज संध्याकाळी भेटते याची आठवण करून दिली. मग तो म्हणाला, आलो होतो. डायनोच्या खोलीतला एसी सगळ्यात थंड आहे, तिथं येऊन तो झोपतो. जर्राहनं मनाई केली आहे म्हणून बोलला नाही.

"कधी आलास?"

"तीनला. खाला, गाडी लिफ्टवर वर चढवलेली होती. मी म्हटलं असेल, आणि जाऊन झोपलो. पावणेचारला उठलो तर गाडी खाली. आणि गॅरेजला दवाखान्यासारखा वास येत होता."

"कोण होतं?"

"दिसलं नाही कुणी. पण लिफ्ट तर निदालच चालवतो."

जर्राहला एवढंच ऐकायचं होतं. त्यानं खिशातून फोन काढला, इकामा रद्द करायचं पान उघडलं, आणि मला म्हणाला की मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेपर्यंत वेळ आहे, तोवर तुझे रंग बघून घे. बांगेला एक तास होता.

४

मी टेबलाकडे परत गेले. फवाजनं खोटं सांगितलेलं नाही याची मला खात्री होती. मग पाइप बुधवारी उतरले हे पक्कं. पण कुणी का उतरवावे? इंजिन मारायचं असतं तर हवेच्या कर्ण्यात मूठभर वाळू टाकली की पुरे, दोन मिनिटांचं काम, आणि कुवेतमध्ये वाळू विकत आणावी लागत नाही. तीन तास घाम गाळून सहा पाइप उतरवायचे आणि त्यात घासणी लपवायची, एवढा उद्योग शत्रू करत नाही. तो दुसऱ्याच कशासाठी केला होता, आणि घासणी त्यात राहून गेली.

मी भिंगानं पाइप पाहायला लागले, बोटांचे ठसे शोधत. बुधवारी कुणी हाताळले असतील तर गुरुवारच्या अकरा मिनिटांत ठसे भाजून निघाले असणार. पहिला पाइप, दुसरा, चौथा. मी वरून पाहिलं, खालून पाहिलं, बोल्टच्या कडांना पाहिलं. एकही ठसा नव्हता. अर्ध्या बोटाचासुद्धा नव्हता.

तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

एक जागा पाहायची उरली होती. इंजिनाकडची आतली बाजू, जिथे पाइप एकमेकांना इतके चिकटून जातात की नजर पोचत नाही. मी फवाजकडून त्याचा केस विंचरायचा आरसा घेतला, तो त्याच्याकडे असणारच, आणि टॉर्चच्या उजेडात तिसऱ्या पाइपच्या मागे सरकवला.

घासणी सापडली त्याच्या बोटभर पुढे एक जोड होता. सगळे जोड निळ्यात बुडालेले, आणि या एकाभोवती स्टील घासून चकचकीत केलेलं. त्या चकचकीत पट्ट्याला जोडाच्या दोन्ही अंगांनी ताजी, सोनेरी कड होती.

बांगेला वीस मिनिटं होती. मी जर्राहला सगळ्यांना टेबलाशी बोलवायला सांगितलं आणि निदालला म्हटलं, तोंड धुऊन ये.

५

पाचजण टेबलाभोवती उभे राहिले. मी चहाचा पेला खाली ठेवला, उजव्या हाताची बोटं जर्राहच्या ग्रीसच्या डब्यात बुडवली, आणि तिसऱ्या पाइपवर पंजा पूर्ण दाबून ठेवला. मग हात काढून घेतला.

जर्राह म्हणाला, हे काय चाललंय. फवाज हसला. निदाल बघत राहिला. आणि उस्ता सबरींचा हात आपोआप कमरेच्या फडक्याकडे गेला. ते एक पाऊल पुढे आले, त्यांनी माझा पंजा पुसायला सुरुवात केली, आणि मग आपण काय करतोय हे त्यांना कळलं. फडकं तिथंच राहिलं. स्पिरिटचा वास टेबलावर पसरला.

फवाज म्हणाला, "हाच वास."

मी जर्राहला सांगायला लागले, पण पाहत होते उस्तांकडे. बुधवारी पाइप हाताळले गेले आणि त्यांच्यावर एकही ठसा नाही. निदाल एकटा असता तर सहाही पाइपांवर त्याचे अंगठे उमटले असते. अकरा वर्षांत त्यानं दुसरं काही केलेलं नाही. गुपचूप आलेला कुणीही घाईत काम उरकून पळाला असता. पण हा माणूस चोरून काम करतानासुद्धा पुसल्याशिवाय पाइप सोडू शकला नाही. असा इथं एकच आहे.

मग मी जर्राहच्या हातात आरसा दिला आणि सोनेरी कड दाखवली. मंगळवारी इंजिन पळालं आणि हा जोड तडकला. बुधवारी तो घासून नव्यानं जोडला गेला. जोडताना पाइपात गॅस भरावा लागतो, आणि गॅस नीट पसरावा म्हणून आत घासणी खुपसावी लागते. उस्तांच्या टेबलावर आत्ताही एका पाइपात ती आहे, जाऊन बघ. ती काढायची राहिली. गुरुवारी बाकी पाइप तापले, पण हा जोड घासणीच्या सावलीत थंड राहिला. म्हणून त्याचा ताजा रंग तसाच उरला. वाट मोकळी असती तर अकरा मिनिटांत तोही निळा झाला असता आणि मला काहीही सापडलं नसतं.

उस्ता सबरी खाली बसले नाहीत. सरळ उभे राहून बोलले, आणि मला त्यांचा राग आला होता तरी ते मला आवडलं.

"केसाएवढी चीर होती, खाला. मंगळवारी संध्याकाळी पुसताना दिसली. एकतीस वर्षांत पहिली. मला ती कुणाला दाखवता आली नाही. तीनला फवाजची गाडी ऐकली, दिवा बंद केला, अंधारातच पाइप चढवले. घासणी मी विसरलो. आज पिस्टन बघितला तेव्हाच मला कळलं."

निदालनं विचारलं, "मग सकाळपासून गप्प का बसलात? माझ्या मुली तुमच्या मांडीवर बसतात, उस्ता."

उस्तांनी जर्राहकडे वळून एवढंच म्हटलं की ते पान उघडंच आहे, तर माझा इकामा रद्द कर, मला मान्य आहे.

बाहेर मगरिबची बांग सुरू झाली. जर्राहचा अंगठा फोनवर होता. माझा भाऊ तापट आहे, पण त्याला अक्कल आहे, फक्त ती थोडी उशिरा पोचते. त्यानं निदालला विचारलं, तू सांग काय करू. माझ्या मते त्या दिवशी त्याला सुचलेली ही एकमेव चांगली गोष्ट होती.

बांग संपेपर्यंत निदाल पाइपाकडे बघत होता. मग म्हणाला, "मला उस्ता इथंच हवेत. पाइप परत बनवायचे आहेत. पण मुतलकला फोन ते स्वतः करतील, आणि माझं नाव आधी घेतील."

उस्तांनी फोन केला, आमच्या सगळ्यांसमोर, आवाज मोठा ठेवून. चीर, घासणी, गप्प बसणं, सगळं सांगितलं, आणि निदालचा काडीचा दोष नाही हे आधी सांगितलं. मुतलक खूप वेळ ओरडला. शर्यत हुकली ती हुकलीच. जर्राहनं माझा कागद पुढे केला. मी त्यावर खरं काय झालं ते लिहून खाली सही केली.

चार आठवड्यांनी नवे सहा पाइप तयार झाले. पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. निदालनं पाइप चढवले, हातमोजे घालून. उस्तांनी स्पिरिटनं तीनदा पुसले. मग ते बाजूला झाले आणि निदालला म्हणाले, हातमोजा काढ.

निदालला कळेना. उस्तांनी त्याचं मनगट धरलं, त्याचा तेलकट अंगठा तिसऱ्या पाइपवर, अगदी दर्शनी भागात, टेकवला आणि दाबून धरला. मग फवाजला इंजिन सुरू करायला सांगितलं.

आकडा चारशे सतरा आला. मुतलक आता बोनेट उघडून लोकांना गाडी दाखवतो तेव्हा निळ्या पाइपवरचा तो तपकिरी अंगठा कुणाचा, असं कुणीतरी विचारतंच. उस्ता सबरी जवळ असले तर उत्तर तेच देतात.